पन्नास गुणांची बिअर

बिअरची परीक्षा आपल्याकडे जिभेने होत नाही, तळहाताने होते. वेटर बाटली आणतो, टेबलावरचा सर्वांत मुरलेला गडी तिच्या पोटाला हात लावतो आणि निकाल देतो, "चिल्ड नाहीये रे, बदलून आण." दुसरी येते, तिच्या अंगाला घाम फुटलेला असतो, मंडळी माना डोलावतात, परीक्षा संपते. पुढे तोंडात जे जातं त्याला चव आहे की नाही याची चौकशी कोणी करत नाही. चवीचं खातं चकण्याकडे असतं. शेंगदाणे मऊ पडलेत का, मसाला पापडावर तिखट पुरेसं आहे का, चणाडाळ कालची तर नाही ना, यावर वाद होतील, वेटरला झापलं जाईल, प्रकरण गल्ल्यावरच्या मालकापर्यंत जाईल. बिअरबद्दल मात्र एकच प्रश्न, तोही पिण्याआधीचा: स्ट्राँग की माइल्ड?

या संस्कारात वाढलेल्या माणसापुढे बेल्जियमची गडद, कडक एल ठेवली की पहिल्या मिनिटालाच पंचाईत होते. ती चिल्ड नसते. कोमटही नसते, पण बारा-चौदा अंशांवर ती प्यायची असते, आणि फ्रीजमधून काढली असेल तर थोडा वेळ नुसतं तिच्याकडे बघत बसायचं असतं. फार गार केली तर वास मरतो, असं त्यांचं म्हणणं. अहो, वास मरावा म्हणूनच तर आपण गार करतो!

हे सगळं मला माझ्या भाच्याने समजावलं. तो ल्युव्हेनला संशोधन करतो. कशावर, ते त्याने मला अनेकदा सांगितलंय आणि मीही दर वेळी "वा" म्हटलंय. संशोधनातून उरलेल्या वेळात तो बिअरची चव घेतो. पितो म्हणायचं नाही, चव घेतो. हा फरक तो त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, व्हिडिओ कॉलवर पटवून देत होता तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हो का? मग किती घेतोस चव?"

चव घेण्याचा रीतसर तक्ता असतो. अमेरिकेत १९८५ पासून बिअरचे परीक्षक तयार करणारी एक संस्था आहे, बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम. तिने जगभरच्या बिअरना वर्ग आणि तुकड्या पाडून दिल्या आहेत. आपली ही बाई वर्ग २६, तुकडी डी: बेल्जियन डार्क स्ट्राँग एल, मद्यार्क ८ ते १२ टक्के. पेपर पन्नास गुणांचा. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकंदर मताला १०. रूपाला पन्नासात तीन, हे मला मनापासून आवडलं. आपल्या वधूवर सूचक मंडळांनी हा तक्ता एकदा नजरेखालून घालावा. गारव्याला मात्र एकही गुण नाही. चढण्यालाही नाही. म्हणजे आपल्या अभ्यासक्रमातले दोन्ही मुख्य विषय तिथे ऐच्छिकसुद्धा नाहीत.

तर ल्युव्हेनला त्याच्या घरी पोचल्यावर जेट लॅग उतरायच्या आत माझी परीक्षा लागली. बाटली होती रोशफोर १०. रोशफोरच्या मठातली ही बिअर ६, ८ आणि १० अशा तीन नंबरांत येते. तपकिरी, बुटकी, ३३० मिलीची बाटली. आपल्या साडेसहाशेच्या बाटलीची सवय असलेल्या डोळ्याला ती खोकल्याच्या औषधाची वाटते. मी म्हटलं, "एवढीशीच?" भाच्याने काही न बोलता दोन रुंद तोंडाचे, उंच पायाचे ग्लास काढले. बेल्जियममध्ये प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा, त्यावर तिचं नाव, आणि स्वाभिमानी बारवाला चुकीच्या ग्लासात बिअर देत नाही. लोक ग्लास ढापतात म्हणून गेंटच्या 'दुले ग्रीट' या बारमध्ये सव्वा लिटरच्या आसपास बिअर मावणाऱ्या मोठ्या ग्लाससाठी अनामत म्हणून पायातला एक बूट घेतात आणि टोपलीत घालून थेट छताला टांगतात. देवळाबाहेर दोन्ही चपला ठेवून आत जाणारे आपण लोक. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, उलट एकच का घेतात असं वाटतं.

भाच्याने ग्लास तिरका धरला आणि बाटली ओतायला घेतली. ओतायला घेतली म्हणजे काय, ग्लासच्या कडेवरून एक बारीक धार सोडली आणि श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिला. अर्ध्यावर आल्यावर ग्लास हळूहळू सरळ केला, फेसाने डोकं वर काढलं. पांढरा नव्हे, दुधाच्या सायीला चहाचा हात लागावा तसा फेस. खाली गडद तपकिरी. ट्यूबलाइटसमोर धरला तर कडेला लालसर चमक. आणि मग बाटलीत बोटभर बिअर शिल्लक असताना हा थांबला.

"ओत की."

"गाळ आहे मामा, यीस्टचा. बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात, बूच लावल्यावर आत परत आंबतं. ते तळाशी बसतं."

"पैसे पूर्ण बाटलीचे दिलेस ना?"

तो गाळ मी वेगळ्या वाटीत घेतला. पावाच्या कच्च्या कणकेसारखा लागतो. पण टाकला नाही, याचं समाधान वेगळंच.

"आता नाक घाल," भाचा म्हणाला. मी ग्लासात नाक घातलं. "काय येतंय?" म्हटलं, बिअरचा वास येतोय. त्याचा चेहरा पडला. त्याने मोबाइलवर शब्दांची एक यादीच उघडली: मनुका, सुकं अंजीर, प्लम, करपवलेली साखर, भाजलेला पाव, मिरी, गुलाब. मी तत्परतेने म्हटलं, हो, येतोय, सगळ्यांचा येतोय. तोंडी परीक्षेत हा मार्ग आम्ही कॉलेजपासून वापरत आलो आहोत.

एवढ्यात आमची ही आतून आली. ती काही घेत नाही, पण मामा-भाचे ग्लासात तोंड खुपसून बसलेत म्हणजे काहीतरी सांडलं असणार, असा तिचा अंदाज. तिने माझ्या हातातून ग्लास घेतला, एकदाच हुंगला आणि म्हणाली, "काकवी. जरा जास्त आटलेली. खजूर आहे, मनुका आहेत. आणि लवंग कुणी घातली यात?" ग्लास परत दिला आणि गॅसवरचं बघायला गेली. भाचा यादी हातात धरून तसाच उभा. दोन वर्षं वर्ग लावून लोकांना जे येत नाही ते मामीने चालता चालता केलं होतं.

लवंग कुणीच घातलेली नसते, ही यातली खरी गंमत. हे उद्योग यीस्टचे. आपल्या नेहमीच्या लागर बिअरचं यीस्ट थंडीत मुकाट काम करतं आणि गप्प बसतं. बेल्जियन यीस्टला उबेत मोकळं सोडतात, आणि मोकळं सोडल्यावर ते दारूबरोबर नाना वासांची रसायनं तयार करतं. एक लवंगेच्या वासाचं, एक पिकल्या केळ्याचं. केळ्यातलं ते रसायन म्हणजे आयसोअमाइल अॅसिटेट, खऱ्या केळ्यातही तेच असतं. काळसर रंग आणि काकवीचा वास येतो तो बराचसा बीटाच्या साखरेच्या करपवलेल्या पाकातून. तो पाक यीस्ट जवळजवळ सगळा फस्त करतं, म्हणून बिअर कडक होते पण जड होत नाही. साखर घालून कमी गोड होणारा हा जगातला दुर्मीळ पदार्थ असावा. आमच्याकडे आमटीतही साखर पडते, पण तिथे परिणाम उलटा होतो असा सासरकडच्यांचा आक्षेप आहे.

मग घोट. आपला घोट म्हणजे ग्लासाची पातळी दिसण्याइतकी खाली गेली पाहिजे. मी तसा घेतला. "अरे मामा!" असा आवाज आला, तो मला उशिरा कळला. आधी गोड लागतं, मग सुकामेवा, मग त्या गोडावर पडदा पाडणारा एक कडवटपणा, आणि हे सगळं गिळून झाल्यावर, आपण बेसावध असताना, छातीत हळूच शेगडी पेटते. तक्त्यात याला 'ऊब' म्हणतात आणि स्पर्शाच्या पाच गुणांत ती मोजतात. आपल्याकडे याला 'लागली' म्हणतात.

लागणारच. जरा हिशेब मांडू. या बाटलीत मद्यार्क ११.३ टक्के, म्हणजे ३३० मिलीत शुद्ध मद्यार्क सुमारे ३७ मिली. आपल्या व्हिस्कीत असतो ४२.८ टक्के, साठ मिलीच्या लार्ज पेगमध्ये झाला जेमतेम २६ मिली. ती खोकल्याच्या औषधाची बाटली म्हणजे जवळपास तीन स्मॉल पेग. पाच टक्क्यांची साडेसहाशे मिलीची आख्खी माइल्ड बिअरसुद्धा तिच्यापुढे कमी भरते. "बिअर म्हणजे काही दारू नव्हे" या तत्त्वावर ज्यांचे संसार उभे आहेत त्यांनी हा परिच्छेद घरी वाचून दाखवू नये.

आणि नंबरांवर जाऊ नका. रोशफोरच्या दहाचा टक्क्यांशी संबंध नाही; आंबवण्याआधी रस किती दाट होता ते मोजायच्या जुन्या बेल्जियन पद्धतीतून तो आकडा आलाय. म्हणून रोशफोरची दहा नंबर ११.३ टक्क्यांची आणि वेस्टफ्लेटरेन या दुसऱ्या मठाची बारा नंबर १०.२ टक्क्यांची. दहा ही बारापेक्षा मोठी. शून्य ज्यांनी शोधला त्यांना हे पचायला जड जातं.

इतक्या कडक बिअरची खोड बेल्जियनांना लागली त्यात सरकारचाही हात आहे. १९१९ मध्ये एमिल व्हान्डरव्हेल्डे या समाजवादी मंत्र्याने कामगारांची दारू सुटावी म्हणून कायदा आणला: बारमध्ये जिन, ब्रँडी असलं काही विकायचं नाही, आणि दुकानातून न्यायची तर एकदम दोन लिटर घ्या. गरिबाला दोन लिटर एकदम परवडणार नाहीत, मग तो पिणार नाही, असा उदात्त हिशेब. गरिबाने जिन सोडली. बिअरवाल्यांनी बिअर कडक केली. कायदा साठाहून अधिक वर्षं टिकला आणि बिअर अजून टिकून आहे. यावर हसायचा अधिकार मात्र आपल्याला नाही. आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली अजूनही पिण्याचा परवाना लागतो, आणि तो आपण घेतो तो तब्येत राखण्यासाठी.

आता या बिअरमागची माणसं. ज्यांच्या बाटलीवर जगभरचे चवबहाद्दर याद्या घेऊन तुटून पडतात ती माणसं स्वतः फारसं बोलतच नाहीत. ट्रॅपिस्ट संन्यासी. १६६४ मध्ये फ्रान्सच्या ला ट्राप मठातून सुरू झालेल्या कडक शिस्तीच्या परंपरेतले हे लोक. कधीच बोलणार नाही अशी शपथ ते घेत नाहीत. गरजेपुरतं बोलतात, आणि गरजा कमी ठेवतात. दिनक्रम सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीवरचा: प्रार्थना करा आणि हाताने कमावून खा. त्याच नियमावलीचा चाळिसावा अध्याय पिण्याबद्दल आहे. त्याचा मथितार्थ असा, की वाइन खरं तर संन्याशाला शोभत नाही, पण आजकालच्या संन्याशांना ते पटवणं शक्य नसल्यामुळे निदान बेतानं तरी घ्यावी. आजकालच्या म्हणजे चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या!

बरं, ही कडक बिअर ते रोज जेवणाबरोबर पीत असतील असं वाटलं असेल तर तसंही नाही. पंगतीला असते ती हलकी. शिमेच्या मठाची 'दोरे' अशीच, ४.८ टक्क्यांची. त्यांची ९ टक्क्यांची निळी जगासाठी. बाटलीवर 'अस्सल ट्रॅपिस्ट' हा षटकोनी शिक्का हवा तर बिअर मठाच्या आवारात आणि संन्याशांच्या देखरेखीखाली झाली पाहिजे, आणि पैसा मठाच्या निर्वाहाला आणि दानधर्माला गेला पाहिजे. आखेलच्या मठात संन्यासी उरले नाहीत तेव्हा २०२१ मध्ये तो शिक्का गेला. बिअर तीच होती. आपल्याकडे मूळ मालक जाऊन तीन पिढ्या झाल्या तरी पाटीवर 'मूळ दुकान हेच' असतं.

ऑर्व्हालच्या मठाची बिअर या गडद घराण्यातली नाही, पण तिची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाटलीवर एक मासा, त्याच्या तोंडात अंगठी. टस्कनीच्या माटिल्डाची लग्नाची अंगठी तिथल्या झऱ्यात पडली, तिने प्रार्थना केली, आणि एका ट्राउट माशाने ती वर आणून दिली, अशी आख्यायिका. ऐकताक्षणी मी म्हटलं, ही तर आपली शकुंतला! फरक इतकाच की कालिदासाच्या कोळ्याला रोहू कापावा लागला आणि वर चोरीचा आळ आला. पण शेवट पाहा. राजाचं बक्षीस मिळाल्यावर कोळी अर्धं शिपायांना देतो आणि राजाचा मेहुणा असलेला कोतवाल म्हणतो की आपल्या या नव्या मैत्रीला मद्य साक्षी असू दे; आणि सगळे मिळून गुत्त्याकडे जातात. अंगठी गिळलेला मासा कुठल्याही देशात सापडो, प्रकरण पोचतं तिथेच.

वेस्टफ्लेटरेनला आम्ही गेलो ते रविवारी. फ्रान्सच्या सीमेलगतचा, हॉप्सच्या वेलींचा सपाट मुलूख. सिंट-सिक्स्टस मठ १८३१ चा, बिअर १८३८ पासूनची. मठाचं दार आपल्यासाठी बंद. समोर रस्त्यापलीकडे 'इन दे व्हरेडे' नावाचा कॅफे, तिथे तिन्ही बिअर मिळतात. २००५ मध्ये बारा नंबरला बिअरशौकिनांच्या कौलात जगातली सर्वोत्तम बिअर ठरवलं गेलं आणि मठाच्या दाराशी गाड्यांची रांग लागली. कुठलाही शहाणा माणूस काय करेल? दुसरी भट्टी टाकेल, फ्रँचायझी देईल. संन्याशांनी उत्पादन वाढवायला नकार दिला. पोटापुरती बिअर करतो, बिअरसाठी जगत नाही, हा त्यांचा जुना खाक्या. क्रेट न्यायचा तर आधी फोन करायचा, गाडीचा नंबर सांगायचा, ठरल्या दिवशी त्याच गाडीने यायचं, ठरावीक दिवस उलटल्याखेरीज परत मागायचं नाही, आणि फोन तर कायम एंगेज: आपल्या जुन्या गॅस सिलिंडरच्या बुकिंगची हुबेहूब नक्कल. २०१९ पासून हे ऑनलाइन झालं. त्याच्या आदल्या वर्षी एका डच सुपरमार्केटने याच बाटल्या मिळवून दहा युरोच्या आसपास विकायला काढल्या, तेव्हा संन्यासी बोलले. नाराजी दाखवण्यापुरतं.

कॅफेत मला बिअरपेक्षा माणसं बघाविशी वाटली. भर दुपारचा स्वच्छ उजेड, मोठ्या काचा, पडदा नाही, काळी फिल्म नाही, 'फॅमिली रूम स्वतंत्र' अशी पाटी नाही. शेजारच्या टेबलावर आजी, मुलगी, नात. नातीपुढे आइस्क्रीम, आजीपुढे बारा नंबर, मध्ये मठातल्या चीजचे तुकडे. आजी दर दहा मिनिटांनी ग्लास उचलायची, ओठ टेकवायची, ठेवायची. वास घेतला नाही, उजेडासमोर धरला नाही, शब्दांची यादी काढली नाही. भाचा अस्वस्थ झाला. शेवटी त्याने इंग्रजीत तिला विचारलंच, कशी आहे? आजीने विचार केला आणि म्हणाली, "चांगली आहे." आणि पुन्हा नातीकडे वळली. गाडी चालवायची असल्यामुळे भाचा त्या दिवशी सोडा पीत होता. बेल्जियममध्ये मर्यादा लिटरभर रक्तात अर्धा ग्रॅम, आणि ही बिअर तिथे पटकन पोचवते. त्यामुळे तो फक्त बोलत होता. मी पीत होतो, आजीच्या चालीने. पाऊण तास पुरली. शेवटचा घोट पहिल्यापेक्षा चांगला लागला, कारण तोवर ती आणखी कोमट झाली होती. हे वाक्य माझ्या पुण्याच्या कंपूत कुणी ऐकलं तर मला बसायला बोलावणं बंद होईल.

बेल्जियमच्या या बिअरसंस्कृतीला युनेस्कोने २०१६ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अदिस अबाबाच्या त्याच बैठकीत आपला योगही त्या यादीत गेला. दोन्हींत श्वास, संयम आणि संथपणा यांना महत्त्व आहे, असं भाच्याचं म्हणणं. त्याच्या आईला हे त्याने स्वतः सांगावं.

निकाल देऊन टाकतो. रोशफोर १०: पन्नासपैकी त्रेचाळीस. वेस्टफ्लेटरेन १२: बेचाळीस. तो एक गुण मी आमच्या हिच्या नाकाचा म्हणून रोशफोरला जास्त दिला. दोन्ही बिअर थंडीतल्या, संध्याकाळच्या, एकट्या बाटलीच्या. मे महिन्यात घामाघूम होऊन कुणी उघडणार असेल तर त्याने आपली चिल्ड माइल्डच घ्यावी, तीच त्या वेळेची बिअर आहे.

तुमचं कुणी तिकडून येणार असेल तर हे लक्षात ठेवा. भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमाफ आहे. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर. सहाच सांगा, सातवीचा मोह धरू नका. घरी आल्यावर बाटल्या आडव्या नाही, उभ्या ठेवा, अंधारात ठेवा, गाळ बसू द्या. आणि मला फोन करा. तळहाताने तपासणाऱ्यांना बोलावू नका.